आयफोनच्या वेशीवर
स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळात ॲप लिहायची भाषा आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी, अँड्रॉइडसाठी जावा. ॲप एकच, पण घाम दोनदा गाळायचा. बहुतेक प्रोग्रॅमरांनी हे निमूट पत्करले. मेक्सिकोत जन्मलेल्या मिगेल दे इकाझा यांना ते मानवले नाही. मायक्रोसॉफ्टची सी शार्प ही भाषा लिनक्सवर चालावी म्हणून २००१ मध्ये त्यांनी ‘मोनो’ हा मुक्त प्रकल्प जाहीर केला होता. एकाच भाषेत दोन्हीकडची ॲप लिहिता यावीत म्हणून आता तोच मोनो त्यांना फोनमध्ये उतरवायचा होता.

वेशीवरच ठेच लागली. मोनो यंत्राला कळणाऱ्या आज्ञा ऐन वेळी, प्रोग्रॅम चालू असताना घडवी. आयफोनने सुरक्षेपायी नेमके तेच निषिद्ध ठरवलेले. अखेर कोंडी फुटली ती उलट्या वाटेने. फोनवर घडवायला बंदी आहे ना? मग सगळेच आधी, प्रोग्रॅमरच्या मॅकवर घडवून ठेवू! ऐकायला सोपे, पण पंगतीत कोण काय मागेल हे ओळखून आदल्या रात्रीच पाने वाढण्यासारखे ते काम होते. एखादा तुकडा राहून गेला, तर ‘ऐन वेळी घडवण्याचा प्रयत्न झाला’ अशी तक्रार नोंदवून ॲप जागीच कोसळे. तरीही सप्टेंबर २००९ मध्ये आयफोनसाठीचे हे साधन ‘मोनोटच’ या नावाने बाजारात आले.

सात महिन्यांतच वीज कोसळली. ॲपलच्या नव्या करारातले कलम ३.३.१ बजावत होते, की ॲप मुळातच ठरावीक भाषांत लिहिलेले असावे. त्या यादीत सी शार्प नव्हती. घाव फ्लॅश या तंत्रज्ञानावर होता असे तेव्हा बहुतेकांनी मानले. मोनोटच मात्र नाहक कचाट्यात सापडले. डोक्यावरची ही तलवार ९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलनेच अट सैल करून उतरवली.

एप्रिल २०११ मध्ये अँड्रॉइडसाठीची मोनोची आवृत्ती अवतरली, आणि त्याच महिन्यात मोनोला पोसणारी नॉव्हेल कंपनी विकली गेली. मे उजाडताच मोनोच्या माणसांना नारळ मिळाला. साधनांचे हक्क नव्या मालकाकडे. हाती उरला तो मुक्त मोनो आणि डोक्यातले ज्ञान. १६ मे रोजी इकाझांनी ‘झामरिन’ या नव्या कंपनीची घोषणा केली आणि मंडळी तीच साधने पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसली. माझ्या मते या कथेतले खरे धाडस हेच. जुलैत नव्या मालकाशी करार झाला आणि जुन्या साधनांचा परवानाही हाती आला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने झामरिन विकत घेण्याची घोषणा केली. ज्या मोनोटचसाठी आरंभी एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरला ३९९ डॉलर मोजावे लागत, त्याचा हा वारस मार्चअखेर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या साधनाबरोबर फुकट मिळू लागला.