हेब्बाळ : रागी पिकवणाऱ्या एका गावाची कथा

बेंगळुरू शहरातून विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळचा उड्डाणपूल लागतो. आज हे नाव उच्चारताच बेंगळुरूकरांना प्रथम वाहतुकीची कोंडी आठवते. कृषी विस्तार क्षेत्रात काम करणाऱ्यांची आठवण निराळी आहे. मित्रकीटकांच्या संदर्भात, विशेषतः जैविक कीड नियंत्रणावरील लेखांत आणि पुस्तिकांत, हा पत्ता वर्षानुवर्षे छापला जात आहे. या पत्त्याआधी येथे एक गाव होते, आणि ते बेंगळुरू शहराहून बरेच जुने आहे.

२०१८ मध्ये हेब्बाळ येथे खोदकाम सुरू असताना एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, सुमारे इ. स. ७५० चा हा जुन्या कन्नडमधील लेख आहे. ‘रट्टवाडी’च्या स्वारीत लढताना कित्तय्या नावाचा वीर पडला, अशी नोंद त्यात असून या भागाला ‘पेर्बोळल नाडू’ म्हटले आहे. ‘बेंगळुरू’ हे नाव ज्या लेखात आढळते, तो बेगूरचा शिलालेख यानंतर सुमारे दीड शतकाचा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला आपल्या गावच्या वेशीवरील वीरगळ आठवेल. शेंदूर फासलेल्या त्या दगडांवरही पुष्कळदा एवढाच, किंबहुना याहून मोलाचा मजकूर दडलेला असतो.

गावाची बैठक तलावावर होती. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात हा तलाव बांधवला, असे परंपरा सांगते. बेंगळुरूला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या पठारावर पावसाचे पाणी एका तळ्यातून ओसंडून खालच्या तळ्यात जाई. या साखळीतील कालव्यांना ‘राजकालुवे’ म्हणतात. तूबाची किल्ली ‘नीरगंटी’ नावाच्या गावकामगाराच्या हाती असे. कोणाच्या वाफ्याला किती पाणी, हे तोच ठरवी. धुळे भागातील फड पद्धतीतील पाटकऱ्याशी त्याचे जवळचे नाते सांगता येईल. उन्हाळ्यात तळ्यातील गाळ गाड्यांनी तांबड्या, हलक्या जमिनीवर पडे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही या पट्ट्याचा संसार तळी आणि रागी यांवरच चालत होता.

रागी म्हणजे आपली नाचणी. येथील कोरडवाहू शेतात ती सहसा एकटी नसे. ठरावीक अंतराने ‘अवरे’ म्हणजे वालाची ओळ, कोठे एरंड, कोठे मोहरी वा कारळे अशी रचना असे. तिला ‘अक्कडी सालु’ म्हणतात. सप्टेंबरात पाऊस रुसला आणि रागी गेली, तरी वालाच्या शेंगा आणि एरंडीच्या बिया घरात येत. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही रचना अधिकच लक्षणीय आहे. वालावर मावा येतो, त्यामागोमाग ढालकिडे येतात. मोहरी व कारळ्याच्या फुलांतील मकरंद परोपजीवी गांधीलमाश्यांचे आयुष्य वाढवतो. आज ज्याला ‘परिसंस्थेवर आधारित कीड व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव दिले जाते, त्यातील बराच भाग या ओळींत आधीपासून होता. अर्थात वालाला शेंगा पोखरणाऱ्या अळीचा उपद्रवही होताच. ही पद्धत निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही.

शास्त्राने हेब्बाळमध्ये पाऊल ठेवले ते १८९९ मध्ये. म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी प्रयोगशेतीसाठी तीस एकर जमीन दिली. डॉ. लेहमन हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ येथे माती आणि खतांवर काम करू लागले. १९०८ मध्ये आलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन हे बुरशीशास्त्र आणि कीटकशास्त्र या दोन्ही विषयांचे अधिकारी होते. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण त्यांनी रुजवले. ज्वारीवर पडणाऱ्या दख्खनच्या बिनपंखी टोळाचा त्यांनी सविस्तर अभ्यास केला. या टोळाच्या प्रजातीला त्यांच्याच नावावरून ‘कोलेमानिया’ हे शास्त्रीय नाव मिळाले. १९१३ मध्ये हेब्बाळला कृषी शाळा सुरू झाली. कोलमन यांची १९२० मधील पुस्तिका म्हैसूर राज्यातील रागीच्या लागवडीवर आहे. परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञाने ऊस-कापसाबरोबरच गरिबाच्या भाकरीच्या धान्याकडे एवढे लक्ष द्यावे, ही गोष्ट त्या काळी विरळाच होती. शाळेचे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले आणि १९६४ मध्ये बेंगळुरूला कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

मित्रकीटकांचे पर्व १९५७ पासूनचे. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र त्या वर्षी बेंगळुरूत सुरू झाले. त्याच परंपरेतून पुढे १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय आणि आजचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो उभा राहिला. २०१० मध्ये पपईवरील पिठ्या ढेकणाने दक्षिण भारतातील पपई, तुती आणि टॅपिओका यांची दैना केली होती; पुणे परिसरातील बागांतही तो पोहोचला होता. तेव्हा पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तीन प्रजाती येथे आणून त्यांची चाचणी व वाढ करण्यात आली. त्यांपैकी ‘ॲसेरोफॅगस पपई’ सर्वांत उपयुक्त ठरली. पुढे ती बागांतून आपोआप पसरली आणि अनेक ठिकाणी फवारणीची गरजच उरली नाही.

मात्र ज्या गावाच्या मातीत हे सारे रुजले, त्याची स्वतःची शेती याच काळात संपली. भूखंड पडले, वर्तुळाकार रस्ता आला, राजकालुवे अरुंद होऊन गटारे बनली. येथील शेतकऱ्याला शेती परवडेनाशी झाली, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. जमिनीची किंमत तिच्या पिकाच्या हिशेबाबाहेर गेली, हे अधिक खरे. संशोधनालाही याची झळ बसते. प्रयोगशाळेत तांदळाच्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाच्या पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की त्यांची शोधक्षमता मंदावते. शेतातून नवे कीटक आणून मिसळावे लागतात. पूर्वी ते दारातल्या वालावर मिळाले असते. आता ब्युरोचे प्रक्षेत्रही येलहंकाच्या बाजूला आहे.

हेब्बाळच्या पाण्याने मात्र शेताची वाट पुन्हा धरली आहे. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून, दररोज सुमारे २१ कोटी लिटर, उत्तरेकडील चिक्कबळ्ळापूर आणि आसपासच्या ६५ तलावांत उपसून सोडण्याची योजना आखली गेली. तलाव भरल्यावर भूजल वाढेल, हा तिचा हेतू. शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होते, म्हणून तेथील शेतकरी तिसऱ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाची मागणी करीत आले आहेत, आणि ती मागणी रास्त आहे. त्या तलावांखाली द्राक्षे, तुती आणि भाजीपाला आहे. त्यांच्या बांधापलीकडे, पावसाच्या भरवशावर, रागीची शेते आहेत.