पाँपेई आणि आपले तेर

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांच्या सहली किल्ल्यांना जातात, देवळांना जातात, फार तर वेरूळ-अजिंठ्याला जातात. राजा कोणता, देव कोणता, एवढे वहीत टिपून विद्यार्थी परततात. मी इतिहास शिकवतो आणि माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. म्हणून मला पहिला प्रश्न पडतो तो असा : हे सारे ज्यांनी उभे केले, त्यांची खूण कुठे पाहायची?

इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. 1748 पासून तेथे उत्खनन होत आले आहे. जगभरातून येणारा प्रवासी तेथे मंदिरे पाहतो, तशाच पावाच्या भट्ट्या, दगडी जाती, कपडे धुण्याचे हौद आणि भिंतींवर लोकांनी खरडलेला मजकूरही पाहतो. शहराबाहेर चिविता जुलियाना येथील श्रीमंताच्या वाड्यात 2021 साली गुलामांची खोली सापडली. तीन खाटा, मडकी, आणि त्याच कोंदट जागेत धन्याचे सामान! शोषणाचा एवढा स्पष्ट पुरावा ग्रंथात क्वचितच मिळतो.

याच पाँपेईत 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत. म्हणून काही अभ्यासक तिचे नाते दख्खनच्या कारागिरांशी जोडतात.

तेर म्हणजे प्राचीन तगर. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी ते वसले आहे. लातूरहून एका दिवसात जाऊन येता येते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरची नोंद आहे. येथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई व तेथून जहाजाने पश्चिमेकडे जाई. ग्रंथकाराने कापड नोंदले. विणकर आणि गाडीवान नोंदले नाहीत.

तेरला गेल्यावर प्रथम लामतुरे संग्रहालय पाहावे. तेथील मृण्मूर्ती, मणी, भांडी आणि हस्तिदंती मूर्ती म्हणजे निनावी श्रमिकांची दप्तरेच आहेत. मग त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे. आत विष्णूची मूर्ती आहे. मात्र विटांच्या त्या वास्तूची मागील बाजू अर्धगोल आहे आणि छप्पर चैत्यगृहासारखे कमानदार आहे. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. गोरा कुंभारही याच गावचे.

शिक्षक मित्रांनी सहलीआधी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न लिहून द्यावेत : हे कोणी घडवले? ते कोणाच्या उपयोगी पडले? पुढे ते कोणाच्या नावावर चढले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत तेर पाहिले, तर आपल्या मुलांना इतिहास परका वाटणार नाही.