विश्लेषण : लग्नातले ‘कॅन्डिड’ फोटो म्हणजे काय? आणि त्यांचा मालक कोण?

लग्नाच्या बजेटमध्ये ‘कॅन्डिड’साठी वेगळी रक्कम बाजूला ठेवली जाते. त्यातून काय मिळणार, काय नाही आणि फोटो नेमके कोणाचे, हे मात्र बहुतेकदा अल्बम हातात आल्यावर कळते.

‘कॅन्डिड’ म्हणजे नेमके काय?

फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड, सिनेमॅटिक अशा वेगवेगळ्या ओळी असतात. ट्रॅडिशनल फोटोग्राफर क्षण थांबवतो. ‘माळ अशीच धरा, इकडे बघा’ म्हणतो, प्रसंगी भटजींनाही थांबायला लावतो. कॅन्डिड फोटोग्राफर कोणाला काहीच सांगत नाही. जे घडते ते टिपतो. ‘हसा, पण कॅमेऱ्याकडे बघू नका’ असे सांगून काढलेला फोटो कॅन्डिड दिसतो, पण तो असतो पोझच. प्री-वेडिंगचे बहुतेक फोटो याच जातीचे.

ही पद्धत आली कुठून?

वृत्तछायाचित्रणातून. १९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि फोटोग्राफरला गर्दीत मिसळता येऊ लागले. त्याच दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या एरिक सॉलोमन यांनी परिषदांमध्ये आणि न्यायालयांत नकळत फोटो काढून नाव कमावले. लग्नसमारंभात ही शैली रुजवणाऱ्यांत अमेरिकेचे डेनिस रेजी यांचे नाव आघाडीवर आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्या लग्नात, चर्चमधून बाहेर पडताना त्यांनी पत्नीच्या हाताचे चुंबन घेतले, तो क्षण रेजी यांनी टिपला. हा फोटो जगभर छापला गेला.

मराठी लग्नात ते अवघड का?

कारण मुख्य क्षण काही सेकंदांत संपतो. शेवटचे मंगलाष्टक, अंतरपाट दूर, वाजंत्री, अक्षतांचा वर्षाव, माळा! वधू-वर समोरासमोर उभे असल्याने एका जागेवरून एकाचाच चेहरा दिसतो. म्हणून दोन बाजूंना दोन कॅमेरे हवेत. त्यात मामा, करवल्या आणि मोबाइल उंचावलेले पाहुणे मध्ये येतात. काही घरांत मंगलाष्टके चालू असताना वधूची आई तुळशीला पाणी घालत असते. हा फोटो हवा असेल तर एकाने मांडव सोडून तिकडे जायला हवे आणि त्यासाठी ही रीत त्याला आधी माहीत हवी. कानपिळीचेही तसेच. मेहुण्याने कान पिळला आणि नवरदेवाचा चेहरा खरोखर कळवळला, तो पहिल्याच वेळी. ‘पुन्हा एकदा पिळा’ म्हटले की नाटक सुरू होते.

प्रकाशही साथ देत नाही. हॉलचे पिवळे दिवे, स्टेजमागची रंगीत एलईडी, होमाचा धूर. फ्लॅश उडाला की माणसे सावध होतात. त्यामुळे कमी उजेडात चालणाऱ्या महागड्या लेन्स आणि शटरचा आवाज न करणारे मिररलेस कॅमेरे वापरावे लागतात. दर जास्त असण्याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे दिवसभरातल्या हजारो क्लिकमधून निवड करण्यात आणि रंग सुधारण्यात जाणारे पुढचे अनेक दिवस.

मग ट्रॅडिशनल नको का?

इथेच अनेक घरांत रुसवे होतात. पैसे वाचवण्यासाठी फक्त कॅन्डिड ठरवले जाते आणि अल्बममध्ये नवरीच्या डोळ्यांतल्या पाण्याचे पाच फोटो असतात, पण नागपूरहून आलेल्या आत्याचा एकही नसतो. यात फोटोग्राफरचा दोष थोडाच असतो. आत्या कोण, आजेसासूबाई कोण, हे त्याला कसे कळणार? सगळ्यांना रांगेत उभे करून काढलेला फोटो कंटाळवाणा वाटतो खरा, पण वीस वर्षांनी घरातली माणसे त्यातच शोधली जातात. ग्रुप फोटोंसाठी अर्धा तास राखून ठेवणे आणि नातेवाईक ओळखणारा एक चुलतभाऊ फोटोग्राफरसोबत देणे, एवढ्याने बरेच काम होते.

फोटोंचा मालक कोण?

‘मी काढले म्हणजे माझे’ असा अनेक फोटोग्राफरांचा समज असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मात्र वेगळे सांगतो. कलम १७ (ब) नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, विरुद्ध करार नसेल तर. व्हिडिओलाही हाच नियम लागू आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साधारणपणे याच्या उलट, म्हणजे मालकी फोटोग्राफरकडे राहते. भारतातही कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ मुळे फोटोग्राफरकडेच असतो.

प्रश्न आहे तो ‘विरुद्ध करार नसेल तर’ या शब्दांचा. ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ अशी ओळ कोटेशनच्या तळाशी असेल आणि ते मान्य केले, तर मालकी स्टुडिओकडे जाऊ शकते. मग विदाईला रडणाऱ्या बाबांचा फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून दिसला, तर तो काढायला लावणे कठीण होते. रॉ फाइल मिळणार का, बॅकअप किती महिने ठेवला जाणार आणि कोणते फोटो प्रसिद्धीसाठी वापरायचे नाहीत, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी लिहून घ्यावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले तरी चालते.