रत्नागिरीत नवं घर? मग परसात भाजी लावाच! 🌱

आपली जमीन जांभ्याची. पाणी पटकन झिरपतं, माती आम्ल आणि थर पातळ. त्यात नव्या घराभोवती सिमेंट-खडीचा राडारोडा असतोच. आधी तो उचला.

🧱 वाफे: उरलेल्या चिऱ्यांची चौकट मांडा. त्यात चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि पातेरा भरा. वाफा फूटभर उंच असला की पावसात मुळं कुजत नाहीत. चुलीची राख मूठभरच घाला, आम्लता थोडी कमी होते.

🌧️ पावसाळा: जूनमध्ये पडवळ, शिराळं, कारलं, काकडी लावा. मांडव आधीच घालून ठेवा. भेंडीही छान येते.

☀️ पावसानंतर: लाल माठ, मुळा, वांगी, मिरची. दुपारच्या उन्हात वाफ्यावर पेंढ्याचं आच्छादन हवंच.

🌾 बियाणं: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना 1972) वाण इथल्या हवेसाठीच काढलेले आहेत: कारल्याचा 'कोकण तारा', शिराळ्याचा 'कोकण हरिता', पडवळाचा 'कोकण श्वेता'.

🐒 वानरांचा त्रास असेल तर कुंपणाकडेला मिरची, हळद, सुरण लावा. त्यांना ते सहसा हात लावत नाहीत.

पहिल्या वर्षी दोन-तीन वाफे पुरे. तुमच्या परसात काय आहे? फोटो टाका!