देवळातली अंधारी खोली

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात, गाभाऱ्याच्या मागच्या अंगाला, एक अंधारी खोली आहे. पुष्कळ लोक दर्शन घेतात, हत्तिणीच्या सोंडेखाली डोकं वाकवतात आणि तिथूनच परत फिरतात. मी आत शिरले तेव्हा माझ्यापुढे सोलापूरकडच्या दोन आजी होत्या. देवळातल्या एका काकांनी न बोलता समोरच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर मंदिराचं पूर्वेकडचं भलंथोरलं गोपुर उमटलं होतं, पण उलटं. कळस जमिनीकडे, पाया छताकडे.

"अगं बाई, हा कळस खाली कसा?" त्यातल्या एका आजींनी विचारलं. इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

तिथले लोक त्याला गोपुराची सावली म्हणतात. ती सावली नाही. सावली म्हणजे उजेड अडल्याची खूण; ती कधी डोकं खाली करून उभी राहत नाही. हे चित्र आहे, आणि ते उजेडाने स्वतः काढलेलं आहे. खोलीच्या भिंतीत एक छोटं भोक आहे. गोपुराच्या प्रत्येक ठिपक्यावरून उजेड चहूकडे उधळत असतो. उघड्या भिंतीवर हे सगळे ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. भोक मात्र निवड करतं. कळसावरून निघालेला किरण सरळ रेषेत खाली उतरत त्या भोकातून आत येतो आणि भिंतीवर तळाशीच पोचतो. पायथ्याकडचा किरण चढत येतो, तो वर पोचतो. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. मी माझा पांढरा रुमाल भिंतीपुढे धरला, तर अख्खं गोपुर त्या हातभर कापडावर आलं. हात हलला की गोपुर हलायचं. आजींनी रुमालाला हात लावून पाहिला, नि मग मागे वळून त्या भोकाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थच खोली. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली. आपल्या वर्तमानपत्रांत 'इन कॅमेरा सुनावणी' छापून येतं, तेव्हा तिथे फोटो काढत नसतात. सुनावणी बंद खोलीत चाललेली असते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही अशीच एक काळोखी खोली आहे, काही मिलिमीटरांची. तिच्याही मागच्या भिंतीवर जग उलटंच पडतं, आपल्याला सुलटं करून दाखवलं जातं एवढंच.

हे घरी करून बघता येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी करावं. भर दुपारी खोलीच्या खिडक्या काळ्या कागदाने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण बंद करायच्या, एका पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडायचं आणि पाच-दहा मिनिटं अंधारात बसायचं. डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर रस्ता दिसू लागतो. रिक्षा छतावरून धावते, वाळत घातलेल्या साड्या खालून वर फडफडतात. आवाज न करता, रंगांसकट. भोक लहान केलं तर चित्र रेखीव होतं पण अंधुक. मोठं केलं तर उजळतं पण पुसट. हे भांडण मिटवते ती लेन्स. ती मोठ्या भोकातून भरपूर उजेड आत घेते आणि तरी प्रत्येक ठिपका त्याच्या जागी नेऊन बसवते.

झाडाखालचे कवडसेही याच घरातले. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवरचे कवडसे गोल पडतात, कारण ती फटींची नाही, सूर्याची चित्रं असतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण लागलं तेव्हा महाराष्ट्रात झाडाखाली ज्यांनी पाहिलं, त्यांना पायाशी शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसल्या.

चित्र भिंतीवर पडत होतं, पण ते धरून ठेवता येत नव्हतं. ते जमल्याची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ज्याची ही पद्धत होती त्या लुई दागेरने तिथल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला होता. फोटोत रस्ता ओस दिसतो. घोडागाड्या होत्या, माणसं होती, पण एकेक चित्र उमटायला काही मिनिटं लागत आणि जो हलला तो उमटलाच नाही. एक माणूस तेवढा बूट पॉलिश करून घ्यायला पाय टेकून उभा राहिला आणि छायाचित्रात आलेला पहिला माणूस ठरला.

त्यानंतर वीस वर्षांच्या आतच हे तंत्र हंपीत पोचलं होतं. मद्रास सैन्यातला अधिकारी अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ च्या सुमारास विजयनगरच्या अवशेषांचे फोटो काढले. काचेवर नव्हे, कागदावर. मेण मुरवून पारदर्शक केलेल्या कागदावर चांदीचे क्षार चढवायचे, तो मोठ्या लाकडी पेटीत घालून उन्हात चित्र घ्यायचं, मग रसायनांत धुऊन काढायचं. त्या काळी निगेटिव्हवरून फोटो मोठा करण्याची सोय नव्हती; जेवढा फोटो हवा तेवढीच निगेटिव्ह, आणि तेवढीच मोठी पेटी. तुंगभद्रेकाठच्या उन्हात, त्या धोंड्यांच्या रानातून ही पेटी वागवत तो किती चालला असेल! त्याच्या साठेक निगेटिव्ह टिकल्या. १९८३ मध्ये जॉन गॉलिंग्ज हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार त्याच जागा शोधत हंपीत फिरला आणि ग्रीनलॉ जिथे उभा होता तिथे उभं राहून त्याने पुन्हा फोटो काढले. प्रवासात फोटो कसे काढावेत असं मला कोणी विचारलं, तर मी या दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवते. ग्रीनलॉजवळ मोजके कागद होते. पेटी उघडण्याआधी उजेड कुठून येतो आहे हे बघत बसण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

आपल्याला फोटो मोजावे लागत नाहीत, म्हणून आपण वस्तू बघतो आणि तिच्यावर पडलेला उजेड बघायचा राहतो. पहाटे हंपीतली मातंग टेकडी चढून जा. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ चाळीसपट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबूस-पिवळा उरतो, आणि अडीचशे कोटी वर्षं वयाचे ते ग्रॅनाइटचे धोंडे आतून तापल्यासारखे दिसू लागतात. संध्याकाळी सूर्य बुडाला की सगळे उठून निघतात. थांबा. त्यानंतरची वीसेक मिनिटं आकाश एक गडद निळाई धरतं, आणि तिचं कारण वेगळंच आहे: तिरप्या वाटेने येणारा उजेड ओझोनच्या थरातून लांबवर जातो आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. पृथ्वीवरच्या जिवांना अतिनील किरणांपासून वाचवणारा तोच ओझोन. त्या निळाईत देवळातला पिवळा दिवा लागला की फोटोसाठी आणखी काही लागत नाही.

पण पहाट आणि संध्याकाळच चांगली, दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा, हा सल्ला मला पटत नाही. हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामायण कोरलेलं आहे. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळचं ऊन थेट समोरून पडतं. सावल्या मूर्तींच्या मागे लपतात आणि नक्षी सपाट दिसते. साडेदहा-अकराच्या पुढे तेच ऊन वरून भिंतीला घासून उतरतं. मग धनुष्याची दोरी, माकडाची शेपटी, नेसणाच्या निऱ्या, एकेका रेषेखाली बारीक काळी सावली बसते. छिन्नीने केलेलं काम उन्हाने पुन्हा केल्यासारखं. मी त्या भिंतीपुढे तासभर उभी होते आणि एक हरीण सावकाश दगडातून बाहेर येताना पाहिलं. भिंत कोणत्या दिशेला बघते हे आधी पाहून वेळ ठरवली, की महागड्या लेन्सची उणीव बरीचशी भरून निघते.

मोबाइलवर काढत असाल तर एक करा. उजळ आकाशापुढचं गोपुर काळंठिक्कर येतं, कारण यंत्र आकाशाकडे बघून उजेड कमी करतं. पडद्यावर गोपुराला बोट लावा, मग बोट वर-खाली सरकवून उजेड हवा तसा ठरवा. आणि एखादं माणूस चौकटीत येऊ द्या. धोंडा घराएवढा आहे हे त्याच्या पायाशी बसलेली शहाळेवालीच सांगू शकते.

विठ्ठल मंदिरात मी शेवटी गेले. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपल्याकडे लहानपणापासून कानावर असते, त्यामुळे त्या अंगणात पाय ठेवताना जरा आत काहीतरी हलतंच. समोर दगडी रथ. नव्या पन्नासच्या नोटेवर जो छापला आहे तोच. लोक नोट पुढे धरून तिच्याशी रथ जुळवत फोटो काढत होते.

माझ्या मोबाइलमध्ये ग्रीनलॉने काढलेला या रथाचा फोटो होता. त्यात रथाच्या डोक्यावर विटांचं शिखर आहे. पुढे ते काढून टाकलं गेलं. आज रथ सपाट माथ्याचा आहे, नोटेवरही तसाच. मी फोटो डोळ्यांपुढे धरला, दोन पावलं डावीकडे सरले, जरा मागे गेले, गुडघ्यात वाकले. चाक चाकावर बसलं. मागचा खांब खांबावर बसला. फोटो खाली घेतला, तेव्हा शिखराच्या जागी निळं आकाश होतं, आणि तिथे एक घार फिरत होती.