वादळाआधीचा ट्रॅफिक जॅम

ह्यूस्टनला राहायला आले तेव्हा शेजारच्या आजींनी २००५ च्या रिटा वादळाची आठवण सांगितली. डॅलस एरवी ४ तासांवर, त्यांना लागले २०. पेट्रोल वाचवायला एसी बंद, मांडीवर मांजर.

मी वाहतुकीचं मॉडेलिंग करते. आजी बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात गणित सुरू!

हायवेची एक लेन तासाला साधारण २,००० गाड्या सोडते. दोन लेन असतील तर १ लाख गाड्यांना २५ तास. त्यात कोंडी झाली की हा वेगही घसरतो.

पण रस्ते सोपे, माणसं अवघड. शहर सोडण्याचा आदेश आल्यावर आधी थोडे निघतात, मग लोंढा, मग रेंगाळलेले. शिवाय ज्यांना हलायची गरज नाही तेही निघतात. रिटाच्या वेळी, कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता. त्या धास्तीने २५ लाखांहून जास्त लोक बाहेर पडले. वादळापेक्षा जास्त बळी या स्थलांतरात गेले.

उपाय म्हणून येणाऱ्या लेनही जाणाऱ्यांना देतात. ऐकायला छान! पण त्या लेन जिथे संपतात तिथे सगळे पुन्हा एकत्र घुसतात आणि कोंडी फक्त पुढे सरकते. म्हणून आम्ही ते टोक आधी तपासतो.

किनाऱ्यालगतच्यांना आधी, बाकीच्यांना नंतर काढणं मला जास्त पटतं.