हरलेल्या संघाचा वस्ताद

कुस्तीचा आखाडा आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. जत्रेच्या दंगलीत एखादी कुस्ती निकाली झाली, की सारे प्रेक्षक जिंकणाऱ्याकडे पाहतात. हरलेला गडी मात्र प्रथम आपल्या वस्तादाच्या तोंडाकडे पाहतो. वस्ताद पुढे होऊन जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो, की पंचाच्या नावाने बोटे मोडतो, यावरून आपल्या हरण्याचा अर्थ तो पोरगा ठरवतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते या एवढ्याशा क्षणाविषयी. आखाडा मात्र मातीचा नाही, यंत्रांचा आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः यंत्रमानव बनवायचे आणि ते मैदानात उतरवायचे, अशा स्पर्धा आता आपल्याकडे रुळल्या आहेत. आशिया व पॅसिफिक भागातील प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ सुरू केली. तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यास झाली. २००८ चा खेळ तर आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. गंमत अशी, की आपल्या गोविंदाच्या त्या खेळात बाजी मारली चिनी विद्यार्थ्यांनी! शालेय मुलांसाठी २०१६ पासून केंद्राच्या अटल योजनेतून प्रयोगशाळा उघडल्या गेल्या. सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती तेथे मोटारी, संवेदक आणि डाग देण्याचे साधन आले, आणि त्यामागोमाग साहजिकच स्पर्धाही आल्या.

या खेळातला पराभव मोठा विचित्र असतो. रोबोकॉनचा सामना काही मिनिटांचा. त्यामागे मात्र कित्येक महिन्यांची जागरणे असतात. एखादी तार सैल होते, यंत्र जागच्या जागी थबकते आणि पलीकडचा संघ नाचू लागतो. कुस्तीत निदान हरणाऱ्याला समोरच्याचे बळ अंगावर जाणवलेले असते. येथे तसे काहीच नसते. मग कुजबुज सुरू होते : “त्यांचे यंत्र त्यांच्या सरांनीच बनवले असणार.” “पैसा ओतला, दुसरे काय!” मुले असे बोलणारच, त्यांचे वयच ते आहे. प्रश्न असतो तो शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचा. त्याने नुसती मान डोलावली, तरी त्या कुजबुजीवर शिक्कामोर्तब होते.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिची पहिली यंत्रमानव स्पर्धा १९९२ साली एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते अवघे २८. केमन यांचे सहकारी वुडी फ्लॉवर्स हे एम.आय.टी.त यंत्ररचनेचे प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या भागांची सारखीच पेटी मिळे, त्यातून यंत्र बनवायचे आणि शेवटी ती यंत्रे एकमेकांसमोर उभी करायची, असा पाठ असे. जिंकण्यासाठी झटायचे आणि त्याच वेळी समोरच्याला मान द्यायचा, या वृत्तीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिले, त्याचे मराठी आम्ही ‘सौजन्ययुक्त व्यावसायिकता’ असे करू. शब्द जड आहे खरा. आपल्या वस्तादाला तो कळायचा नाही, पण त्यातला अर्थ त्याला आधीपासून ठाऊक आहे.

‘फर्स्ट’ने हा अर्थ नियमांतच गुंफला. तेथील मोठ्या मुलांच्या स्पर्धेत तीन संघांची एक युती दुसऱ्या तिघांच्या युतीशी खेळते, आणि प्राथमिक फेरीत युत्या दर सामन्याला बदलतात. सकाळी ज्याने हरवले, तोच दुपारी आपला जोडीदार असू शकतो. अंतिम टप्प्यासाठी तर अग्रेसर संघच आपले साथीदार निवडतात. ज्यांच्या नावाने खडे फोडले, त्यांच्याच निवडीची वाट पाहत बसायचे, असा तो प्रसंग! शिवाय १९९६ पासून तेथे मार्गदर्शकांसाठी फ्लॉवर्स यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. रोबोकॉनच्या मैदानात मात्र एक तांबडा आणि एक निळा, असे दोनच संघ समोरासमोर असतात. युती नाही, की उद्याची जोडीदारी नाही. अशा ठिकाणी नियम फारसे शिकवत नाहीत. जे शिकवायचे ते मार्गदर्शकानेच आपल्या वागण्यातून शिकवायचे.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे : ज्या पोरांकडे डाग देण्याचे एकच साधन, सुटा भाग मागवला तर चार दिवस वाट पाहायची, त्यांनी शहरातल्या सुसज्ज संघासाठी टाळ्या का वाजवाव्यात? आम्हांला वाटते, मार्गदर्शकाने या बाबतीत मुलांशी खोटे बोलू नये. साधनांचा फरक आहे, तो स्वच्छ सांगावा. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला, तर नियमाप्रमाणे आणि वेळेच्या आत हरकतही घ्यावी. त्यात खिलाडूपणाला काही बाध येत नाही. परंतु पैशाने मोटार विकत मिळते, ती कोठे व कशी बसवायची ही अक्कल मिळत नाही. समोरच्या मुलांनी ती कमावलेली असते. ‘पैशावर जिंकले’ म्हणून आपण ती नाकारली, तर नुकसान त्यांचे होत नाही. आपल्या पोरांचे होते. त्यांच्या यंत्राजवळ जाऊन पाहण्याची वाट आपणच बंद करून टाकतो.

म्हणून सामना संपताच मार्गदर्शकाने स्वतः पलीकडे चालत जावे, मुलांना ‘जा’ म्हणून ढकलू नये. त्या संघाच्या मुलांचा हात हाती घ्यावा आणि एक खराखुरा प्रश्न विचारावा : “हा हात वर उचलताना तुमचे यंत्र डगमगत नाही, वजन कोठे ठेवले आहे?” कोरड्या अभिनंदनापेक्षा असा प्रश्न अधिक मानाचा असतो, आणि जिंकणारी मुले बहुधा अगदी आनंदाने उत्तर देतात, यंत्र उलटे करूनसुद्धा दाखवतात. पाठोपाठ आपली मुले आलेली असतातच. प्रथम रेंगाळत, मग माना पुढे काढून.

पुण्याहून परतीचा प्रवास रात्रभराचा. जालना मागे पडते, देऊळगाव राजा येते. तोवर बहुतेक पोरे झोपलेली असतात. एखादा जागा असतो, आणि खिडकीपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या उजेडात वहीवर त्या हाताची आकृती पुन्हा काढून पाहत असतो. “सर, वजन मागच्या चाकांवर घेतले तर?” असे तो विचारतो, आणि चिखली येईपर्यंत सरांना काही झोप मिळत नाही.